सोडतीत प्रभाग ‘महिला’ निघाला, त्या निमित्ताने

प्रिय भाचीबाई,

अनेक आशीर्वाद.

पालिका निवडणुकीच्या आरक्षण सोडतीत आपला प्रभाग सर्वसाधारण महिलांसाठी निघाला, हे सोडत संपायच्या आत अख्ख्या परळला कळलं होतं. त्याच रात्री तुझा मेसेज आला: ‘मावशी, राखीव जागेवर मी उभी राहणार नाही. हंसा मेहतांनी १९३७ साली राखीव जागा नाकारली होती, मग मी कशाला कुबडी घेऊ?’ खाली एका रीलची लिंक. फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेच बोलायला लागतेस आणि माझा मुद्दा राहून जातो. म्हणून हे पत्र. घरी बसून वाच, लोकलच्या दारात उभी राहून नको.

रीलमधलं खोटं नाही. हंसाबेननी, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या आणि पुढे घटना समितीतल्या हंसा मेहतांनी, १९३७ची मुंबई विधान परिषदेची निवडणूक खुल्या जागेवरून लढवली आणि जिंकली. पुढे १९ डिसेंबर १९४६ला घटना समितीत त्यांनी भर सभेत सांगितलं की त्यांच्या महिला संघटनेनं राखीव जागा, कोटा किंवा वेगळे मतदारसंघ कधीच मागितले नाहीत. मागितला तो न्याय, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय. ऐकायला ताठ मानेचं वाटतं, आणि होतंच तसं. फक्त हे म्हणणारी बाई कुठे उभी राहून बोलत होती, ते रीलच्या अर्ध्या मिनिटात येत नाही.

त्यांचा जन्म १८९७चा, सुरतेचा. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण, आजोबा गुजरातीतल्या पहिल्या कादंबरीचे लेखक. बडोद्याच्या कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, आणि १९१९मध्ये पत्रकारिता नि समाजशास्त्र शिकायला इंग्लंड. तिथे सरोजिनी नायडूंशी गाठ पडली. १९२०मध्ये जिनिव्हाला बायकांच्या मताधिकाराची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे सरोजिनीबाई त्यांना घेऊन गेल्या. विशी-बाविशीतली मुलगी जगभरच्या मताधिकारवाल्या बायकांमध्ये बसून आली. लग्न केलं ते डॉ. जीवराज मेहतांशी, नागर ब्राह्मण मुलीनं वाण्याच्या मुलाशी, आणि जातीनं वाळीत टाकलं. पण पाठीशी खुद्द सयाजीराव गायकवाड उभे होते. हे जीवराज मेहता म्हणजे आपल्या केईएमचे आणि जी. एस. मेडिकलचे पहिले हिंदी डीन. ज्या इस्पितळात तू जन्मलीस ना, तेच.

आता मला सांग, या बाईला राखीव जागेची गरज होती का? घरात शिक्षण, मागे संस्थान, पुढे काँग्रेस. त्यांच्या हुशारीला मी काही उणं म्हणत नाही. हुशार त्या होत्याच, आणि धीटही. १९३०मध्ये देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून विलायती कापडाच्या दुकानांसमोर पिकेटिंगला उभ्या राहायच्या, त्यांच्या पुढाऱ्यांत हंसाबेन होत्या. तुरुंगात गेल्या, १९३२मध्ये तर नवरा-बायको दोघंही. पण खुल्या जागेवर लढण्याची ताकद त्या घरून घेऊन आल्या होत्या. तुझ्या पणजीचं काय? ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिला राखीव जागाही मिळाली नसती आणि खुलीही, कारण तिला मतच नव्हतं.

हे मताचं प्रकरण नीट समजून घे, कारण तू ज्या वादात पडली आहेस तो तिथूनच सुरू होतो.

१९१८-१९मध्ये हिंदुस्थानात मत कुणाला द्यायचं हे ठरवायला साउथबरो समिती फिरली आणि तिनं बायकांना नाही म्हटलं: इथला समाज अजून तयार नाही म्हणे. तेव्हा मुंबईच्या बायकांनी दोघींना लंडनला पाठवलं, हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन. (त्या टाटांचं नि मोठ्या टाटांचं एक समजू नकोस.) आई-लेकींनी पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली, गावोगाव सभा घेतल्या. लंडननं शेवटी हात झटकले आणि ठरवलं की ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलनं आपलं बघावं. मग लढाई घरी आली. १९२१मध्ये आधी मद्रासनं आणि मग मुंबईनं बायकांना मत दिलं. दिलं म्हणजे ज्यांच्या नावावर मालमत्ता होती किंवा कर होता अशांना. आणि मत देता येईल, पण कौन्सिलात बसता येणार नाही. तो दरवाजा आणखी पाच वर्षांनी, १९२६मध्ये उघडला.

मिठनबाई लंडनला राहिल्या, बॅरिस्टर होऊन परतल्या आणि मुंबई हायकोर्टात भुलाभाई देसाईंच्या चेंबरमध्ये बसू लागल्या. हायकोर्टातल्या पहिल्या बाई बॅरिस्टर. त्यांचा पहिला अशील त्यांच्याकडेच का आला, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय: त्याला जिंकण्याची खात्री होती, आणि समोरच्याला एका बाईकडून हरल्याची नामुष्की पत्करायला लावायची होती! म्हणजे पहिलं काम मिळालं तेच बाई असल्याच्या अपमानावर. मिठनबाईंनी ब्रीफ परत केलं नाही. केस चालवली. पुढे १९४७मध्ये त्याच मुंबईच्या शेरीफ झाल्या, पहिल्या महिला शेरीफ. मला हंसाबेनइतक्याच त्या आवडतात, कधीकधी जरा जास्तच. तुझ्यासमोर आज तसंच ब्रीफ आलंय. कशासाठी आलं, हा पहिल्या दिवसाचा प्रश्न. दुसऱ्या दिवसापासून केस तुझी.

आता १९३७. त्याच्या आधी काय झालं होतं बघ. बायकांच्या तिन्ही मोठ्या अखिल भारतीय संघटनांनी सरकारला एकमुखानं कळवलं होतं की आम्हाला सरसकट प्रौढ मताधिकार द्या, मेहेरबानी नको. सरकारनं नेमकं उलटं केलं. प्रौढ मताधिकार नाकारला आणि राखीव जागा दिल्या. त्याही धर्माधर्मांत वाटून. प्रांतांच्या विधानसभांत बायकांसाठी ४१ जागा, कुठे हिंदू, कुठे मुसलमान, कुठे शीख बाईसाठी. म्हणजे एका चळवळीत खांद्याला खांदा लावून तुरुंगात गेलेल्या बायकांना मतपेटीपाशी वेगवेगळ्या रांगांत उभं केलं. हंसाबेनच्या पिढीचा राग राखीव जागेवर होता त्यापेक्षा या फाळणीवर जास्त होता. तुझ्या प्रभागाच्या आरक्षणात असली फाळणी नाही. बाई म्हणून राखीव आहे, मत सगळ्यांचं आहे, पुरुषांचंही.

आणि मताचा निकष काय होता माहितेय? ज्याच्याकडे मालमत्ता त्याला मत, आणि त्याच्या बायकोला त्याची बायको म्हणून मत. शिकलेल्या बाईला साक्षर म्हणूनही मिळायचं. एवढं करून बायका मतदार सुमारे ६० लाख, पुरुष २ कोटी ९० लाखांच्या घरात. नवऱ्यामुळे मत मिळणं हे त्या बायकांना फार लागलं होतं. स्वतःचा नाही, नवऱ्याच्या नावावरचा, असला तो अधिकार.

ही नवऱ्याच्या नावाची गोष्ट काही १९३७मध्ये संपली नाही. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ची. प्रौढ मताधिकार मिळाला, सगळ्यांना, एका फटक्यात. याद्या करायला माणसं घरोघर गेली. देशात जवळजवळ ८ कोटी बायका मतदार. त्यांतल्या सुमारे २८ लाखांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असं चालणार नाही, नाव हवं. आणि ती नावं यादीतून गेली. बहुतेक उत्तरेतली, बिहार-उत्तर प्रदेश-राजस्थानकडची, हे खरं. म्हणून मुंबईनं फुशारकी मारावी असं काही नाही. सांगते का ते.

मागच्या पालिकेच्या काळात आमच्या चाळीतल्या चार बायका पाण्याची तक्रार घेऊन एका नगरसेविकेच्या कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही. बाई खुर्चीत, बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर नवरा. आम्ही बाईंशी बोलायचो, उत्तर साहेब द्यायचे. लेटरहेड त्यांनी काढलं, मजकूर त्यांनी सांगितला: ‘पाणीपुरवठा खंडित झाला असून...’ बाई हळूच म्हणाल्या, ‘खंडित नाही हो. दाब कमी आहे. तळमजल्याला येतं, चौथ्या मजल्यावर चढत नाही.’ साहेबांनी मान हलवली आणि खंडितच लिहिलं. बाईंनी सही केली, शिक्का बसला. चार दिवसांनी पालिकेचा माणूस आला, तळमजल्याचा नळ सोडला, पाणी धो धो, आणि तक्रार निकाली. त्या बाईंना पाण्याचं सगळं कळत होतं, नवऱ्यापेक्षा नीट कळत होतं. पेन तेवढं त्यांच्या हातात सहीपुरतंच होतं.

तुझी भीती हीच आहे ना? लोक म्हणतील बाईचा प्रभाग म्हणून आली, कुणाची तरी बाहुली. ही भीती खोटी नाही, मी रोज बघते. पण तिचा इलाज जागा नाकारणं हा नाही. तू नाकारलीस तर जागा रिकामी राहणार नाही. कुणाची तरी वहिनी उभी राहील, आणि लेटरहेडवर पुन्हा खंडितच लिहिलं जाईल.

हंसाबेनचं मत चुकलं, असं मला वाटतं. आदरानं वाटतं, पण वाटतं. त्यांचा भरवसा असा की समान हक्क कागदावर आले, मताचा अडसर गेला की बायका आपोआप पुढे येतील. पंचाहत्तर वर्षं आपण वाट बघितली. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आणि त्यांत बायका पंचवीसही नाहीत. आणि याच राज्यात, याच मतदारांनी, मुंबई महापालिकेच्या २२७ जागांपैकी ११४ जागांवर २०१२पासून बायका बसवल्या, कारण राज्यानं २०११मध्ये स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखीव केल्या. मतदार तेच, फरक फक्त कायद्याचा. आता तू मृणालताईंचं नाव काढशील, मला माहितेय. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१मध्ये पालिकेत गेल्या तेव्हा असलं आरक्षण नव्हतं. अहिल्याबाई रांगणेकरांचंही तेच. पण त्यांच्यामागे पाण्याची, महागाईची, संपांची केवढी चळवळ होती! रस्ता भरून बायका लाटणी घेऊन उतरायच्या. माझी आई मला कडेवर घेऊन गेलेली. अशी चळवळ दर पाच वर्षांनी दर प्रभागात उभी राहत नाही. ती उभी राहीपर्यंत निम्म्या मुंबईनं बाहेर थांबायचं का?

बरं, हंसाबेनकडून मग घ्यायचं काय? पुष्कळ. पण रीलवालं नको. जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ होतं तिथे त्यांच्यामुळे ‘सर्व माणसं’ आलं, हे तुला कुठेही वाचायला मिळेल. १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री देशाच्या बायकांतर्फे घटना समितीला राष्ट्रध्वज त्यांनी अर्पण केला, तेही. मोठ्या गोष्टी आहेत, त्यांचे फोटो आहेत. मला त्यांच्या ज्या गोष्टी उपयोगी वाटतात त्यांचे फोटो नाहीत.

पहिली ही, की जिनिव्हा पाहून आलेली ही बाई १९२६मध्ये मुंबईच्या स्कूल्स कमिटीवर गेली. पालिकेच्या शाळा, मास्तरांच्या बदल्या, गळकी छपरं. पुढे १९३७मध्ये प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि त्या शिक्षण खात्याच्या संसदीय सचिव झाल्या, मग एसएनडीटीच्या कुलगुरू, मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाची कुलगुरू झालेली देशातली पहिली बाई. सगळी ओळ शिक्षणाची, आणि ती सुरू झाली पालिकेच्या शाळेपासून. आज निवडून आलेला जो तो स्थायी समितीकडे डोळे लावून बसतो, कारण पैसा तिथे फिरतो. शिक्षण समिती म्हणजे शिक्षा झाल्यासारखं तोंड करतात. तू शिक्षण समिती मागून घे. पालिकेच्या शाळेत मी जन्म काढला. तिथे काय करण्यासारखं आहे ते तुला सांगायला मी बसलेच आहे.

दुसरी जास्त महत्त्वाची. घटना समितीच्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीत त्या आणि राजकुमारी अमृत कौर अशा दोघीच बायका. बाकी सगळे मातब्बर पुरुष, त्यांत आंबेडकर, मुन्शी, कृपलानी. मसुद्यात धर्माचं आचरण करण्याचं स्वातंत्र्य आलं, तेव्हा या दोघी अडून बसल्या: आचरण म्हणाल तर पडदा, देवदासी, बालविवाह सगळंच उद्या त्याच्या आडोशाला जाईल आणि सुधारणेचे कायदे कोर्टात पडतील. तोंडी बोलून थांबल्या नाहीत, लेखी दिलं. आज घटनेच्या २५व्या कलमात समाजसुधारणेचे कायदे करायला सरकारला मोकळीक आहे, तिच्यामागे या दोघींचा तो हट्ट आहे. समान नागरी कायद्याच्या बाबतीत मात्र बहुमत विरोधात गेलं. तिथे मिनू मसानी आणि या दोघी अशा तिघांनी वेगळं मत नोंदवलं, की हे पाच-दहा वर्षांत प्रत्यक्षात यायला हवं. हरल्या. आज त्या प्रश्नावर कुणी काहीही म्हणो, आणि आज लोक फार वेगवेगळ्या हेतूंनी म्हणतात, त्या नोंदीशिवाय त्याचा इतिहास लिहिता येत नाही.

हे शिकून घे. सभागृहात तुझं मत पडेल, कितीदा तरी पडेल. पक्षाचा व्हिप असेल तेव्हा तर तू स्वतःच्या मताविरुद्ध हात वर करशील. पण जिथे बोलता येईल तिथे बोललेलं इतिवृत्तात आलं का ते पुढच्या बैठकीत तपास. नसलं तर इतिवृत्त कायम करायच्या आधी दुरुस्ती सुचव. एकही माणूस हे करत नाही. घोषणा देतात, राजदंड पळवतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आणि सहा महिन्यांनी कोण काय म्हणालं त्याचा पत्ता नसतो.

आता कामाचं. आज रात्रीच मतदार यादीत तुझं नाव बघ. लग्नानंतर आडनाव बदललंस की नाही यावर घरात जे काही चाललंय ते चालू दे, पण यादीत, आधारवर आणि शपथपत्रावर एकच नाव हवं, स्पेलिंगसकट. छाननीच्या टेबलावर कुणी सासूबाईंची समजूत काढत बसत नाही. खर्चासाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं, ते तुझ्या एकटीच्या नावावर काढ आणि चेकबुक तुझ्या पर्समध्ये ठेव. भाऊंना सांग, हिशोब ते लिहोत, पण सही तू आकडे बघून करशील. वाईट वाटेल त्यांना. वाटू दे. पक्षाचा ए-बी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी येतो, कधी येतही नाही; तेव्हा अपक्ष म्हणून भरायची तयारी आधीपासून ठेव आणि हे कुणाला बोलू नकोस.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८चा आहे, जाड आहे, भाषा रुक्ष आहे. समित्यांचं प्रकरण आणि नगरसेवकाला काय विचारता येतं ते प्रकरण, एवढं तरी निवडणुकीआधी वाच. नंतर वेळ मिळत नाही, नंतर फक्त वाढदिवसाचे बॅनर असतात.

आणि यादी. प्रारूप यादीवर हरकती-सूचना द्यायची मुदत फार थोडी असते. आपल्या प्रभागातल्या तीन चाळी पुनर्विकासात गेल्या, त्यांतली माणसं माहुलपासून विरारपर्यंत पांगली आहेत, काहींची नावं इथे, काहींची तिथे, काहींची दोन्हीकडे. बायकांच्या बाबतीत तर माहेरच्या नावाचा, सासरच्या नावाचा, नुसत्या ‘बाई’चा असा सगळा गोंधळ आहे. हंसाबेनच्या पिढीनं ज्या यादीत शिरायला पंचवीस-तीस वर्षं घातली, ती यादी आपल्याकडे कुणी उघडून बघत नाही. उमेदवार बघतात ते फक्त आपली मतं किती, एवढ्यासाठी. तू दारोदार जाशील तेव्हा पत्रक नंतर दे. आधी घरातल्या बाईला तिचं नाव यादीत दाखव, बरोबर छापलंय का विचार, चुकलं असेल तर तिथेच अर्ज भरून घे. मत तुला देईल की नाही ते तिचं ती बघेल.

रविवारी सकाळी ये. यादीचे भाग छापून आण, मोठ्या अक्षरात, माझा चष्मा अजून झाला नाही. जुन्या चाळींतली कोण कुठे गेली ते मला आणि खालच्या वाणीणबाईंना तोंडपाठ आहे. आमच्या दोघींच्यात दुपारपर्यंत निम्मी यादी होईल. जेवून जा. भाऊंना आणू नकोस, मधेमधे बोलतात.

तुझी,
मावशी

ता. क. तुझी ती ‘कुबडी’वाली ओळ सोशल मीडियावर टाकली असशील तर आजच काढ. उमेदवारी भरल्यावर कुणीतरी स्क्रीनशॉट फिरवेल.